हे ‘ते’ एलएसडी नव्हे!

गाडीच्या पोटाखाली जेमतेम दोन लिटर तेल असतं. ते कधी बदललं आणि मुळात कुठलं टाकलं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? मलाही नव्हतं. मग एक दिवस घरी साठ हजारांचा आकडा आला...

‘पप्पांच्या गाडीत एलएसडी आहे,’ एवढं एकच वाक्य मी हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकलं आणि दोन मिनिटांत मेसेजचा पाऊस पडला. कुणी डोळे फाडलेल्या इमोजी पाठवल्या, कुणी ‘पोलिसांना कळलं का?’ म्हणून विचारलं. एका मैत्रिणीने तर थेट फोनच केला, ‘‘अगं, काका बरे आहेत ना?’’

तर मंडळी, शांत व्हा. हे एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो भोपळ्यासारखा गोल लोखंडी डबा दिसतो ना, त्याच्या आत बसलेली ही यंत्रणा. काका बरे आहेत. गाडी मात्र बरी नव्हती.

घुर्रर्र... कट्... कट्...

पप्पांचं गारगोटीत खतं आणि शेती औषधांचं दुकान आहे. भुदरगड तालुका तुम्हाला माहीत असेल, तर पाटगावच्या बाजूचा पाऊसही माहीत असेल. वाड्या-वस्त्यांवर माल पोहोचवायला पप्पांनी तीन वर्षांपूर्वी एक सेकंड हँड एसयूव्ही घेतली. मागच्या चाकांवर चालणारी, दणकट, थोडी म्हातारी. चिखलात भल्याभल्या गाड्या रुतायच्या तिथून ही निघून यायची. पप्पांना वाटायचं, आपलं ड्रायव्हिंगच भारी.

मे महिन्यात मी सुट्टीला घरी गेले, तेव्हा गाडी वेगळीच बोलायला लागली होती. सरळ रस्त्यावर काही नाही. पण दुकानासमोर स्टेअरिंग पूर्ण फिरवून वळवायची म्हटलं, की मागून घुर्रर्र... कट्... कट्... असा आवाज यायचा आणि सीटखाली थरथर जाणवायची. जणू कुणीतरी मागचं चाक धरून ठेवतंय आणि सोडतंय, धरून ठेवतंय आणि सोडतंय.

पप्पांनी ती शहरातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने एक चक्कर मारली आणि निकाल दिला, ‘‘क्राउन-पिनियन गेलाय. साठ हजार धरून चाला.’’

साठ हजार! माझी वर्षाची फी त्याच्या आसपास आहे. पप्पा घरी आले, जेवताना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं की, ते पतसंस्थेत चौकशी करून आले होते.

पहिला प्रश्न: शेवटचं काय बदललं?

मास कॉमच्या पहिल्याच आठवड्यात आमच्याकडून घोकून घेतलं होतं: कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. गाड्यांमधलं मला शून्य कळत होतं, पण प्रश्न विचारायला काय जातं? मी पप्पांना विचारलं, ‘‘आवाज कधीपासून येतोय? त्याच्या आधी गाडीत काय काम केलं होतं?’’

उत्तर आलं, ‘‘दोन-तीन आठवडे झाले. त्याच्या आधी मिस्त्रींकडे सगळी ऑइलं बदलली, बाकी काही नाही.’’

‘‘सगळी म्हणजे?’’

‘‘इंजिनचं, गिअरबॉक्सचं, हौजिंगचं.’’

‘‘हौजिंगमध्ये कुठलं ऑइल टाकलं?’’

पप्पा माझ्याकडे बघतच राहिले. ‘‘कुठलं म्हणजे? नव्वद नंबर. सगळे तेच टाकतात.’’

त्या रात्री मी गाडीच्या मॅन्युअलची पीडीएफ शोधली. सेकंड हँड गाडीबरोबर पुस्तक मिळालंच नव्हतं, आणि तीन वर्षांत ते आम्हाला हवंसं वाटलंही नव्हतं. तेलांच्या तक्त्यात शोधत शोधत खाली आले, तर मागच्या अ‍ॅक्सलसमोर दोन ओळी होत्या. एक साध्या डिफरन्शियलसाठी आणि एक ‘एलएसडी असल्यास’. दोन्हींची तेलं वेगळी. पप्पा म्हणाले, ‘‘आपल्या गाडीत ते असलं काही नाही. असतं तर विकणाऱ्यानं सांगितलं नसतं का?’’

वळणावर कोण किती धावणार?

पुढे जायच्या आधी ही भानगड समजून घेऊ. शाळेत एनसीसीत असाल, तर परेड वळताना काय होतं ते आठवा. आतल्या बाजूचा कॅडेट जवळजवळ जागेवरच पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाचा लांब ढांगा टाकत येतो. गाडीचंही तसंच. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर एक घासत फरफटत जाणार. दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना म्हणजे डिफरन्शियल. ओनेसिफोर पेकेर या फ्रेंच माणसाने १८२७ मध्ये ती वाफेच्या गाडीसाठी वापरली. म्हणजे पेट्रोलची मोटार यायच्या कितीतरी आधी!

पण साध्या डिफरन्शियलची एक खोड आहे. ते दोन्ही चाकांना जोर समसमान वाटतं. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण एक चाक चिखलात असेल, तर ते जागच्या जागी गरगर फिरतं आणि त्याला जोर लागतच नाही. समान वाटणीच्या नियमाने मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास काहीच नाही, असा जोर मिळतो. एक भाऊ काम करत नाही म्हणून दुसऱ्याचाही पगार कापला, असला प्रकार. गाडी रुतते ती अशी.

इथे एलएसडी कामाला येतं. त्याच्या एका प्रकारात आत पातळ चकत्यांची चळत असते, क्लचप्लेटसारखी. एक चाक उगाच पळायला लागलं, की या चकत्या एकमेकींवर घासून त्याला आवरतात आणि दुसऱ्या चाकाकडे जोर जातो. १९३० च्या दशकात ‘ऑटो युनियन’च्या रेसिंग गाड्यांची ताकद एवढी होती की, मागचं चाक जागीच फिरत राहायचं. तिथे उपाय म्हणून एलएसडी वापरलं गेलं. ज्या युक्तीने ग्रां प्रीच्या गाड्या धावल्या, त्याच युक्तीने आमची खताची पोती पाटगावला पोहोचत होती. पप्पांच्या ड्रायव्हिंगचं अर्धं क्रेडिट तिथेच गेलं.

नव्वद नंबर आणि त्याच्या पुढचं

आता तेलाकडे येऊ. साधं गिअर ऑइल दातांवर दात घासू नयेत म्हणून असतं. एलएसडीच्या चकत्यांना मात्र थोडं घासायचंच असतं, पण गुळगुळीतपणे. त्यासाठी त्या तेलात फ्रिक्शन मॉडिफायर नावाचं रसायन घालतात. ते नसेल तर चकत्या चिकटतात, सुटतात, परत चिकटतात. ओल्या बोटाने काच घासली की चीं चीं होतं ना, तसंच. सावकाश, कडक वळण घेताना चकत्यांना एकमेकींवरून सरकावंच लागतं, म्हणून आवाज नेमका तेव्हाच येतो. सरळ रस्त्यावर गाडी गपगुमान.

बाटलीवरची अक्षरं वाचायची कशी, तेही सांगते. ‘नव्वद’ किंवा ‘८०डब्ल्यू-९०’ हा आकडा तेल किती जाड आहे ते सांगतो. ‘जीएल-५’ हे गिअरच्या दातांवरचा मोठा दाब ते सोसू शकतं की नाही, ते सांगतं. आणि ‘एलएसडी’ किंवा ‘एलएस’ लिहिलं असेल, तर ते चकत्यांना चालतं. पहिल्या दोन गोष्टी जुळल्या तरी तिसरी राहू शकते. आमच्याकडे संशय नेमका तिचाच होता.

मिस्त्रींना सांगायचं कोणी?

सगळ्यात अवघड काम हे होतं. मिस्त्री पप्पांचे वीस वर्षांचे दोस्त. पप्पांची पहिली स्कूटर त्यांनीच चालू ठेवली. पप्पा म्हणाले, ‘‘तू जाऊन त्यांना सांगणार का, तुमचं चुकलं म्हणून? पीडीएफ बघून?’’ साठ हजारांचं कर्ज काढायला तयार होते, पण दोस्ताला प्रश्न विचारायला तयार नव्हते.

मी गेले. ‘चुकलं’ हा शब्द वापरायचा नाही, असं ठरवूनच गेले. म्हटलं, ‘‘मिस्त्रीकाका, आमच्या गाडीत एलएसडी आहे का, ते कसं बघायचं?’’

ते हसले. ‘‘ह्या गाडीला कुठलं एलएसडी? न्हाई गं बाळ. आन बघायचंच असंल, तर दोन मिनटाचं काम हाय.’’

पुढच्या चाकांना दगड लावले. मागचा भाग जॅकने उचलून दोन घोड्यांवर ठेवला. हँडब्रेक सोडला, गाडी न्यूट्रलला. काका म्हणाले, ‘‘एक चाक हातानं फिरव. दुसरं उलटं फिरलं, तर साधं. त्याच बाजूला फिरलं, तर तू म्हणतीस ते.’’

मी चाक फिरवलं. दुसरं त्याच बाजूला फिरलं.

काकांनी स्वतः परत फिरवून बघितलं. मग पोऱ्याला वायर ब्रश आणायला सांगितलं आणि खाली जाऊन तो भोपळा घासायला सुरुवात केली. चिखलाची दोन पापुद्री निघाल्यावर फिलर प्लगशेजारी एक छोटी पत्र्याची पट्टी दिसली. तिच्यावर लिहिलं होतं, फक्त एलएसडी तेल वापरा.

काही वेळ कोणीच बोललं नाही. मग काका बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, ‘‘तीस वर्षं नव्वद नंबरच टाकत आलो. पुसलं असतं तर दिसलं असतं. पुसलं न्हाई.’’

आधी वरचा, मग खालचा

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून तेल आणलं. मॉडिफायर आधीच मिसळलेलं, त्यामुळे वेगळी बाटली घालायची गरज नव्हती. (जास्त घातलं की जास्त चांगलं, असं इथे नसतं. मॉडिफायर जास्त झाला की चकत्या घसरायलाच लागतात आणि चिखलात गाडी पुन्हा साधीच.) काकांनी मला एक अट घातली, ‘‘तुझ्या हातानं करायचं.’’

आधी गाडी पंधरा मिनिटं फिरवून आणली. कोमट तेल पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन बाहेर पडतं. मग गाडी खड्ड्यावर, अगदी सपाट उभी केली. तिरकी असेल तर तेलाची पातळी चुकते.

मी पान्हा घेऊन खालच्या ड्रेन प्लगकडे वळले, तर काका ओरडलेच, ‘‘थांब! आधी वरचा!’’ हा या कामातला सगळ्यात मोठा नियम. वरचा फिलर प्लग उघडतोय याची खात्री झाल्याशिवाय खालचा उघडायचा नाही. वरचा गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून सगळं तेल काढून टाकलं, तर नवं भरणार कुठून? गाडी तिथेच बसली. आमचाही वरचा बसलाच होता. गंज सोडवायचा स्प्रे मारला, दहा मिनिटं थांबलो, पान्ह्याला पाइप लावून जोर दिला, तेव्हा कुठे ‘कट्’ करून हलला. तो आवाज मला गाडीचा नवा आवाज वाटून पोटात गोळा आला.

मग खालचा. तेल आलं आणि त्याच्याआधी वास आला. सडक्या अंड्यासारखा. गिअर ऑइलमध्ये गंधकाची रसायनं असतात, त्यांचा हा पराक्रम. दोनदा अंघोळ केली, तरी हाताला येत होता. (ग्लोव्ह्ज घाला. मी ऐकलं नाही.)

आता निकालाची वेळ. ड्रेन प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतं, आत झिजलेलं लोखंड त्याला चिकटतं. काकांनी प्लग उजेडात धरला. त्यावर राखाडी, मऊ मलमासारखा थर होता. त्यांनी तो बोटांत चोळला आणि पप्पांकडे बघून म्हणाले, ‘‘मालक, क्राउन-पिनियन टकाटक हाय.’’ असा बारीक लेप म्हणजे रोजची झीज, घाबरायचं कारण नाही. पत्र्याच्या कपच्या, दातांचे तुकडे निघाले असते, तर साठ हजारांची गोष्ट खरी होती. आणि तेल दुधासारखं पांढरट निघालं असतं, तर आत पाणी गेलंय असं समजायचं. ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा. अ‍ॅक्सलवर हवा यायला-जायला एक छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला, की गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेल्यावर सीलमधून पाणी आत ओढून घेतो. आमचा ब्रीदर बुजलेला होताच, तोही साफ केला.

नवा वॉशर लावून खालचा प्लग बसवला, हातपंपाने वरून तेल भरत गेले. किती? वरच्या भोकातून बाहेर गळायला लागेपर्यंत. गळणं थांबलं की प्लग बंद. किती साधं गणित!

मैदानातला आठ

काम इथे संपत नाही. नवं तेल त्या चकत्यांच्या मधे शिरायला हवं. त्यासाठी रिकाम्या जागी गाडी सावकाश इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायची. आमच्या जवळच्या साखर कारखान्याचा हंगाम संपला होता, उसाचे ट्रॅक्टर उभे राहतात ते आवार मोकळं होतं. वॉचमनला विचारून तिथे गेलो. पप्पा स्टेअरिंगवर, काका शेजारी, मी मागे.

पहिल्या आठमध्ये घुर्रर्र... कट्. पप्पांचा चेहरा मला आरशात दिसत होता. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात ‘कट्’ गेलं, नुसतं घुर्र राहिलं. काका म्हणाले, ‘‘मारत ऱ्हावा.’’ सहाव्या की सातव्या आठमध्ये पप्पांनी काच खाली केली आणि कान बाहेर काढला. काही नाही. फक्त टायरखाली उसाच्या वाळलेल्या पाचटाचा चुरचुर आवाज.

तेल, वॉशर सगळं धरून खर्च दोन हजारांच्या आत-बाहेर झाला. काकांनी मजुरी घेतली नाही. पप्पांनी खूप आग्रह केला, तेव्हा म्हणाले, ‘‘चूक माझी, तेल तुमचं. फिटलं.’’ मग पांढरा ऑइल पेंट घेऊन त्या भोपळ्यावर मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, ‘एलएसडी’. गॅरेजच्या भिंतीवर फोन नंबरांच्या यादीखाली आता आणखी एक ओळ आहे: ‘हौजिंग ऑइल टाकण्याआधी पट्टी पुसून बघणे.’

राहिलं जुनं तेल. ते गटारात ओतायचं नाही, म्हणजे नाहीच. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवं. आमच्याकडे गटारात गेलेली गोष्ट पहिल्या पावसात वेदगंगेत जाते, आणि तेच पाणी पुढे कुणाच्या तरी नळाला येतं. काका ते पिंपात साठवून देतात.

गेल्या आठवड्यात पप्पांचा फोन आला. पाऊस सुरू झालाय, पाटगावच्या रस्त्याला एक जीप रुतली होती, आपली गाडी बाजूने निघून आली. मी म्हटलं, ‘‘एलएसडी भारी आहे ना?’’ म्हणाले, ‘‘ड्रायव्हिंग पण लागतं.’’

तुमच्या गाडीचं काय?

* हॅचबॅक किंवा सेदान आहे? बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात आणि त्यांचं डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच असतं. त्याला वेगळं तेल नसतं, गिअरबॉक्सचं तेल वेळेवर बदला.

* ब्रोशरमध्ये एलएसडी लिहिलंय? जरा थांबा. जिम्नीमधलं ‘ब्रेक एलएसडी’ फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून काम करतं, त्यात चकत्या नसतात. काही एलएसडी नुसत्या गिअरवर चालतात. थारच्या काही व्हेरियंट्समधलं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल हा आणखी वेगळा प्रकार. प्रत्येकाचं तेल त्या-त्या मॅन्युअलमध्ये बघा.

* तेल कधी बदलायचं? मॅन्युअलमधला किलोमीटरचा आकडा पाळा. पाण्यातून गाडी घातली किंवा ट्रेलर ओढत असाल, तर त्याच्या आधीच.

* नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. घोड्या लावा, चाकांना अडण लावा. कितीही घाई असू दे.

* स्कूटरवाल्यांनो, हसू नका. बहुतेक गिअरलेस स्कूटरमध्येही मागच्या चाकाजवळ थोडंसं गिअर ऑइल असतं, आणि ते बदलायचं सगळेच विसरतात. पुढच्या सर्व्हिसिंगला विचारा, ‘‘दादा, गिअर ऑइल कुठलं टाकताय?’’ राग येऊ नये अशा आवाजात विचारा, पण विचारा.